साइडबोर्ड आणि दुभत्याचें कपाट

आमच्याकडील सुशिक्षित घरांत अलीकडे एका नव्या दैवताची स्थापना झाली आहे. बुलढाणा, खामगांव, मलकापूर, चिखली, कोठेंहि जा. जेवणाच्या मेजाशेजारीं, भिंतीस पाठ लावून, कंबरेइतकें उंच असें एक लांबट कपाट उभें असतें. त्यास साइडबोर्ड म्हणतात. त्याच्या कांचेआड चिनी मातीच्या बशांचा एक संच मांडलेला असतो, आणि घरची बाई मोठ्या अभिमानानें सांगते कीं, लग्नांत आलेल्या त्या संचास आजवर कोणाचा हात लागलेला नाहीं. ज्यास हात लागावयाचा नाहीं त्यास भांडें तरी कां म्हणावें, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं.

या कपाटावरून शिकलेल्या मंडळींत दोन पक्ष पडले आहेत. एकास तें नवें हवें. म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीवर सनमायका डकवलेलें, गुळगुळीत व पांढरें. दुसऱ्यास तें जुनें हवें. म्हणजे मुंबईच्या चोरबाजारांत किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारांत शोधून आणलेलें, सागवानी वा शिसवी, वेलबुट्टीनें मढलेलें. पहिला पक्ष दुसऱ्यास जुनाट म्हणतो, दुसरा पहिल्यास अरसिक म्हणतो. माझें म्हणणें असें कीं, दोन्ही पक्ष एकाच चुकीचे धनी आहेत. कपाट दिसतें कसें एवढेंच ते पाहतात. तें करतें काय, हें दोघांपैकीं कोणीहि पाहत नाहीं.

साइडबोर्ड जन्मला कसा हें ध्यानांत घेतलें म्हणजे या वादाचा निकाल सोपा होतो. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ 'बाजूचें मेज' एवढाच. इटलींत अशाच मेजास क्रेडेन्झा म्हणत. त्या शब्दाचा अर्थ विश्वास. कारण धन्यापुढें जाणाऱ्या अन्नांत विष नाहीं याची परीक्षा तेथें चाखून होत असे. इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रॉबर्ट अॅडम या वास्तुशिल्पज्ञानें या मेजाच्या दोहों बाजूंस दोन बैठीं कपाटें जोडलीं. एकांत ताटें ऊन राहत, दुसऱ्यांत धुण्याचें पाणी किंवा मद्याच्या बाटल्या ठेवीत. पुढें हे भाग एकजीव झाले, आणि हेपलव्हाइट याच्या १७८८ सालच्या नमुनेपुस्तकांत त्यांचीं चित्रें छापलीं गेलीं. या खटाटोपास सबळ कारण होतें. त्या मोठ्या घरांतून स्वयंपाकघर भोजनगृहापासून दूर असे व वाटेंतच अन्न निवे. पुढील शतकांत त्याच मेजावर उंच आरसे आणि बोजड कोरीव काम चढलें, व कामाची वस्तु दिमाखाची झाली. आम्हीं उचलला तो हा दिमाख. आमच्या घरांत शेगडी आणि मेज यांमध्यें चार पावलांचें अंतर! तेथें अन्न निवण्याची भीति ती कोणती?

वऱ्हाडांत हें वळण शिरलें त्याचाहि इतिहास आहे. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानें कापसास सोन्याचा भाव आला, आणि १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत आगगाडीचा फांटा झाला. रुळांवरून कापूस विलायतेकडे गेला व विलायतेच्या चालीरीति उलट आल्या. टेकडीवरील बुलढाण्यास साहेबांचे बंगले होते. त्यांतील जेवणाची खोली पाहून वकील-मामलेदारांच्या घरींहि तशी खोली निघाली.

तत्पूर्वीं आमच्याकडे काय नव्हतें? भिंतींत फडताळ होतें, तांब्यापितळेच्या भांड्यांस मांडणी होती, आढ्याला शिंकें होतें, आणि जाळीचें दुभत्याचें कपाट होतें. त्या कपाटाची रचना पाहावी. जाळी अशासाठीं कीं, हवा खेळावी व दूध-दहीं लवकर नासूं नये. कडी अशासाठीं कीं, मांजराचें तोंड शिरूं नये. आणि चारी पाय पाण्याच्या वाट्यांत अशासाठीं कीं, मुंगी चढूं नये. शोभेसाठीं म्हणून त्यांत एक खिळाहि नव्हता, आणि तरी तें डोळ्यांस खुपत नसे.

आज त्या कपाटाचें काय होतें? वाडा पाडला म्हणजे सागवानी तुळयांबरोबर तेंहि जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यास मिळेल त्या भावानें जातें, आणि त्या पैशांत चुऱ्याच्या फळीचें कपाट घरीं येतें. या फळीच्या उघड्या कडेंत पाणी मुरलें कीं ती फुगते. बिजागरीचा स्क्रू एकदां ढिला झाला कीं पुन्हां धड बसत नाहीं. सागाची फळी सुतार रंधून देतो, मोडलेला पाय बदलून देतो. येथें दुरुस्तीची गोष्टच नको. तिकडे शहरांतील रसिक गृहस्थ तेंच जुनें कपाट दामदुप्पट देऊन घेतो, जाळी काढून कांच बसवतो, आंत दिवा लावतो व त्यांत रिकाम्या बाटल्या मांडतो. काका केळकरांनीं पुण्यास दिवे, अडकित्ते आणि कोरीव दारें जमवलीं तें योग्यच झालें. संग्रहालयाचें तें कामच आहे. पण घराचें संग्रहालय केलें म्हणजे त्यांत राहणारीं माणसें पहारेकरी होतात.

येथें कोणी म्हणेल, "मग पुन्हां फडताळ आणि शिंकें हाच तुमचा उपदेश काय?" मुळींच नाहीं. दुभत्याच्या कपाटाचें काम आतां शीतकपाट अधिक चांगलें करतें, आणि त्याबद्दल अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. शिवाय त्या जुन्या कपाटाची किल्ली कोणाच्या कंबरेस असे तेंहि आठवावें. सासूच्या परवानगीवांचून सुनेस वाटीभर दूध घेतां येत नसे. पुरुषांची पंगत आधीं, मग मुलांची, आणि सर्वांच्या शेवटीं, निवलेल्या अन्नावर, रांधणाऱ्या बायकांची. जुन्याचे पोवाडे गाणाऱ्यांनीं हें कडवें गाळूं नये.

आणि नव्यांनींहि तें गाळूं नये. कारण पाट गेला, मेज आलें, खुर्च्या सहा आल्या, तरी पंगत कोठें बदलली? आजहि पांच खुर्च्यांवर मंडळी बसतात आणि सहावीची धनीण तव्यापाशीं उभी असते. कोणास पोळी हवी, कोणास मीठ. तिची फेरी संपत नाहीं. ती बसते तेव्हां इतरांचे हात वाळलेले असतात. तिच्या शेजारींच हजारों रुपयांचा साइडबोर्ड उभा असतो, कांचेआड बशा घेऊन, निरुद्योगी!

वस्तुतः या परक्या मेजाचा एकच गुण आम्हांस घेण्याजोगा होता, आणि नेमका तोच आम्हीं सोडला. त्याच्या पाठीवर अन्न मांडतां येतें. भात, वरण, भाजी, पोळ्यांचा डबा, सर्व एकदां तेथें मांडून ठेवलें म्हणजे ज्यानें त्यानें उठावें व हवें तें घ्यावें. आणि जिनें रांधलें तिनें सर्वांबरोबर, ऊन अन्न, बसून खावें. "पण आग्रहानें वाढण्यांत जें प्रेम आहे तें यांत कोठें?" असा आक्षेप येईल. आग्रह करण्याचा अधिकार मीं कोणाचाहि काढून घेत नाहीं. पुरुषांनींहि तो आळीपाळीनें बजावावा, म्हणजे त्यांतील प्रेम किती व श्रम किती हें त्यांस कळेल.

तेव्हां कपाट जुनें कीं नवें हा प्रश्न गौण आहे. घरांत आजोबांचें सागवानी कपाट असेल तर तें विकूं नका. सुतारास बोलावून जेवणघरांत कामास लावा. नसेल तर साधें, टिकाऊ, दुरुस्त होणारें मेज करून घ्या. मात्र त्याची पाठ मोकळी ठेवा. आणि येत्या दिवाळीस कांचेआडचा तो संच बाहेर काढून त्यांतच जेवा. एखादी बशी फुटेल. फुटूं द्या, पण सहावी खुर्ची रिकामी राहूं देऊं नका.