आधी थांबणे, मग धावणे

पेठेतील जुन्या दुकानामागे, गोदामाच्या एका कोपऱ्यात, ताडपत्रीखाली झाकलेली एखादी फियाट अजूनही काही घरांत उभी असते. व्यवसायाला बरकत आली त्या वर्षी आजोबांनी ती घेतलेली असते. पुढे नव्या गाड्या आल्या. ही मात्र विकण्याचे मन होईना म्हणून तशीच राहिली. मग घरात लग्न ठरते आणि नातू म्हणतो, "आजोबा, वरात आपल्या फियाटमधूनच काढू या." आजोबाही सुखावतात. गाडी थेट रंगाऱ्याकडे जाते आणि दोन महिन्यांत आरशासारखी चमकून परत येते. चूक घडते ती येथेच. रंग नवा झाला, पण ब्रेक वीस वर्षांपूर्वीचेच राहिले.

ही गाडी महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचा एक भाग आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि १९७४ मध्ये तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगलगत गिअरचा दांडा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी तिची सरळ रचना. मुंबईतील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. घरोघरी राहिलेल्या गाड्यांची जबाबदारी आता त्यांच्या मालकांवरच आहे.

जुनी गाडी प्रथमच हाताळणाऱ्याचा एक समज असतो: फारशी चालवली नाही, म्हणजे गाडी चांगलीच राहिली असणार. वस्तुस्थिती उलट आहे. पडून राहिलेल्या मालाप्रमाणेच उभी राहिलेली गाडीही आतून खराब होत जाते. रबर कडक होते, तेल भागांवरून उतरून जाते, टाकीत गंज धरतो. अशा गाडीची किल्ली एकदम फिरवू नये. एअर फिल्टर, आसनांखालची जागा व बॉनेटखालचे कोपरे प्रथम पाहावेत. तेथे उंदरांनी किंवा पाखरांनी घर केले असल्यास त्यांना इजा न होता दूर हलवावे, कुरतडलेल्या वायरी बदलाव्यात. नंतर इंजिन ऑइल नवे भरावे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे आणि इंजिन हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले, तरच पुढचे पाऊल टाकावे.

त्यानंतरचा पहिला खर्च ब्रेकवर करावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्याने उष्णता वाढते, त्या ओलाव्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी पोकळ लागते. व्हील सिलिंडरमधील रबरी वॉशर गळू लागले, तर ऑइल लायनरवर पसरते आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते. म्हणून मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी नळ्या व लायनर हे सर्व एकदाच तपासून घ्यावे आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी तेवढ्यावर विसंबू नये. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबराला भेगा गेल्या असतील, किंवा टायर दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर स्टेपनीसकट तो बदलावा.

दुसरी तक्रार इंजिन तापण्याची. रेडिएटरमध्ये गाळ बसणे, होज पाइप आतून पिचणे, फॅन बेल्ट सैल होणे किंवा थर्मोस्टॅट अडकणे, ही त्याची नेहमीची कारणे. काटा वर चढू लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. ‘पुढच्या गावापर्यंत जाईल’ असे म्हणून गाडी तशीच दामटली, तर हेड गॅस्केट जाते आणि शेकड्यांत भागणारे काम हजारांवर पोहोचते. ऑइल दुधाळ दिसू लागले, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहिला, तर पाणी आत शिरत आहे असे समजावे.

तिसरी अडचण इंधनाची. महिनोन्महिने साठलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्या काळच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकू लागते. आग लागण्यास एवढे पुरेसे असते. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

विजेचे दोष बहुधा अर्थिंगचे असतात. दिवे मंद जळू लागले की बॅटरी बदलण्याची घाई होते. प्रत्यक्षात गंजलेले एखादे अर्थिंगचे टोक घासून स्वच्छ केले की काम होते. जुन्या गाड्यांतील डायनॅमो इंजिन संथ असताना पुरेशी वीज देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. गिअरचेही असेच आहे. गिअर अडकू लागला की गिअरबॉक्स उघडण्याची भाषा सुरू होते. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडांतील लहानसे बुश झिजलेले असणे, हे त्याचे अधिक संभवनीय कारण. आधी ते बदलून पाहावेत.

रंगापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा होय. पायाखालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या व जॅक लावण्याच्या जागा गंजल्या असतील, तर त्यावर लांबी भरून रंग देणे म्हणजे बुडीत येणे वसूल झाले असे खात्यात दाखवण्यासारखे आहे. गंजलेला पत्रा कापून नवा जोडल्याशिवाय रंगाला हात लावू नये.

या कामांना मोठ्या भांडवलापेक्षा शिस्त अधिक लागते. गाडीसाठी एक स्वतंत्र वही ठेवावी. कोणत्या तारखेला काय बदलले, किती किलोमीटरला ऑइल भरले, कोणता आवाज केव्हापासून येऊ लागला, हे तीत रोजमेळाप्रमाणे टिपावे. दर पंधरा दिवसांनी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी. फियाटवर हात बसलेला जुना मिस्त्री गावात असेल, तर काम चालू असताना नातवाने त्याच्याशेजारी उभे राहून शिकून घ्यावे. ते ज्ञान पुस्तकांत फारसे सापडत नाही.

लग्नाच्या दिवशी त्या गाडीत नवरा-नवरी बसणार, पुढे आजोबा बसणार आणि मागेपुढे सारे गणगोत चालणार. त्या दिवशी रंग थोडा फिका दिसला, तरी कोणी मनावर घेणार नाही. उतारावर नातवाचा पाय ब्रेकवर पडेल, तेव्हा गाडी जागच्या जागी उभी राहिली पाहिजे.