कसणारा कुणाचा शत्रू?

सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘शत्रू मालमत्ता’ असे दोन शब्द चढले, की जळगावचा केळीवाला काय अन् धुळ्याचा कापूसवाला काय, हातपाय गळालेच म्हणून समजा.

१९६५ च्या युद्धात पाकिस्तानी नागरिकांची इथली मालमत्ता केंद्राच्या अभिरक्षकाकडे गेली. १९६८ च्या कायद्याने ती त्याच्याकडेच ठेवली. २०१७ च्या दुरुस्तीने वारस भारतीय असला तरी त्याला हक्क उरला नाही. दिवाणी कोर्टाचे दारही बंद. उरले हायकोर्ट, तेही ६० दिवसांत.

युद्धात सरकारने मालमत्ता ताब्यात घ्यावी, याबद्दल वाद नाही. पण मालक कराचीला गेला. जमीन इथेच राहिली अन् कसणारे कूळही इथेच राहिले. त्याने कोणाशी युद्ध केले?

कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवसाने ज्याला मालकी दिली, त्याचा हक्क १९६५ च्या आधीचा, असे आमचे मत आहे. तेव्हा शेतकरी बांधवांनो, ३२-म चा दाखला पेटीत जपून ठेवा. खरी अडचण आहे ती दाखला राहून गेलेल्यांची.

१ कोटीच्या आतली ग्रामीण मालमत्ता आधी ताबेदारालाच विकत देऊ करावी, असे केंद्राचेच धोरण आहे. पण ते त्याला सांगणार कोण? तलाठ्याने अशा जमिनींची यादी चावडीवर लावावी, ग्रामसभेत वाचावी. किंमतही हप्त्याने घ्यावी. नाहीतर लिलावात शहरातला पैसेवाला जमीन घेईल अन् कसणारा बांधावर उभा राहील. त्यात देशाचे कसले रक्षण?