चिलखत जाड, तोफ तोकडी

युद्धसामग्रीच्या खरेदीत काटकसर कोठे करावी, हा प्रश्न जितका सेनापतींचा तितकाच खजिन्याचाही असतो. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनच्या 'माटिल्डा' रणगाड्याची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या अनुभवावरून ब्रिटिश लष्कराने रणगाड्यांचे दोन वर्ग पाडले होते : घोडदळाप्रमाणे मुसंडी मारणारे आणि पायदळाच्या चालीने पुढे सरकणारे. दुसऱ्या वर्गातील पहिला रणगाडा व्हिकर्स कंपनीचे सर जॉन कार्डन यांनी १९३५ मध्ये आखला, तो स्वस्ताईची अट सांभाळूनच. त्यात माणसे दोन आणि मशिनगन एक. त्यामागून आलेल्या थोरल्या माटिल्डाला मात्र ७८ मिलिमीटरपर्यंत जाडीचे चिलखत आणि 'टू-पाउंडर' तोफ मिळाली. त्याचा वेग रस्त्यावरही ताशी २४ किलोमीटरच्या आसपासच होता.

या चिलखताने आरंभी आपली किंमत वसूल केली. २१ मे १९४० रोजी फ्रान्समधील आरास येथे जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफा त्यापुढे निष्प्रभ ठरल्या आणि रोमेलला ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा रणगाड्यांवर रोखाव्या लागल्या. त्याच वर्षी ९ डिसेंबरला चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सोबतीने माटिल्डांनी इजिप्तमधील निबेवा येथील इटालियन तळ काही तासांत जिंकला.

परंतु आरासचा धडा गिरवला तो जर्मनांनी. जून १९४१ मध्ये हल्फाया खिंडीत त्यांनी ८८ मिलिमीटर तोफा जमिनीत दडवून माटिल्डांची वाट पाहिली. दडलेल्या तोफेचा बंदोबस्त करण्यास स्फोटक गोळा हवा. टू-पाउंडरला वाळवंटात मिळत होता तो केवळ भरीव गोळा. मोठी तोफ बसवावी, तर रणगाड्याचा फिरता बुरूज त्यासाठी अपुरा. साहजिकच ती खिंड माटिल्डांची स्मशानभूमी ठरली.

येथे राज्यकर्त्यांना केवळ दोष देऊन भागणार नाही. १९४० च्या माघारीत फ्रान्समध्ये नेलेले बहुतेक रणगाडे तेथेच सोडावे लागले होते आणि शत्रू दाराशी उभा होता. नव्या 'सिक्स-पाउंडर' तोफेसाठी कारखाने बदलावेत, तर उत्पादन काही काळ मंदावणार. सरकारने आजच्या संख्येची निवड केली. तिची किंमत पुढील वर्षी वाळवंटातील सैनिकांनी मोजली. एकंदर सुमारे ३ हजार माटिल्डा तयार झाले आणि १९४३ पर्यंत, म्हणजे वाळवंटातील आघाडीवरून ते मागे पडल्यानंतरही, तयार होतच राहिले. त्यांचा उपयोग संपला मात्र नव्हता. जपान्यांकडे प्रभावी रणगाडाविरोधी तोफा थोड्या असल्याने न्यू गिनीच्या जंगलात ऑस्ट्रेलियन फौजांनी ते १९४५ पर्यंत यशस्वीपणे वापरले.

तात्पर्य, शस्त्राचे मोल त्याच्या पोलादात नसते, ते समोरच्या शत्रूवर ठरते. आणि शत्रू शिकत असतो. म्हणूनच उद्याच्या सुधारणेला जागा न ठेवता केलेली खरेदी जमाखर्चात कितीही स्वस्त दिसली, तरी तिची बाकी अखेर आत बसलेल्या माणसाच्या नावे निघते.