विश्लेषण : बुलढाण्याहून ‘समृद्धी’ने मुंबई… विजेवरील मोटारीचा पहिला लांबचा प्रवास कसा आखावा?

इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. त्याच वर्षी राज्याच्या विद्युत वाहन धोरणात या महामार्गावर विजेवरील मोटारींना टोलमाफी देण्याची तरतूद झाली. त्यामुळे गावात फिरणारी मोटार आता थेट मुंबईला नेण्याचा विचार बळावतो आहे. मात्र त्याआधी वेगाचा आणि थांब्यांचा हिशेब मांडावा लागतो.

बुलढाणा जिल्हा मोक्याचा का?

हा महामार्ग जिल्ह्यातील मेहकर, सिंदखेडराजा परिसरातून जातो. सिंदखेडराजा जवळपास मध्यावर आहे. तेथून नागपूर आणि आमणे दोन्हीकडे साधारण साडेतीनशे किमी. म्हणजे नागपूरहून पूर्ण चार्ज करून निघालेल्या अनेक मोटारींची बॅटरी याच पट्ट्यात तळाला जाते. बुलढाणेकरांना मात्र घरूनच पूर्ण चार्ज करून निघता येते.

कागदावरचा पल्ला रस्त्यावर का मिळत नाही?

कंपनी सांगते तो पल्ला प्रमाणित चाचणीतला असतो. भारतीय चाचणीत कमाल वेग ताशी ९० किमी असतो, तर ‘समृद्धी’वर मोटारींना १२० ची मुभा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० ऐवजी १२० ने गेल्यास तो ४४ टक्क्यांनी जास्त होतो.

हिशेब कसा मांडायचा?

समजा, बॅटरी ४५ युनिटची आहे. २० टक्के राखीव ठेवले की ३६ युनिट उरतात. ताशी १०० च्या वेगाने १०० किमीला १५ युनिट लागत असतील, तर २४० किमी जाता येईल. १२० च्या वेगाने १९ युनिट लागले, तर जेमतेम १९० किमी. बुलढाणा ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर ‘समृद्धी’मार्गे पावणेदोनशे किमीच्या आसपास आहे. पहिला थांबा तेथे आणि दुसरा शिर्डी ते इगतपुरीदरम्यान ठेवल्यास धाकधूक राहत नाही.

वेगाने गेल्यास वेळ वाचत नाही का?

फारसा नाही. १२० च्या वेगाने दर १०० किमीमागे दहा मिनिटे वाचतात. पण जास्तीचे चार युनिट भरून काढायला ३० किलोवॉटच्या चार्जरवर आठ मिनिटे जातात. उन्हाळ्यात एसी बंद करून घामाघूम होण्याचीही गरज नाही. तो तासाला साधारण एक-दोन युनिट घेतो. त्यापेक्षा वेग उतरवलेला बरा.

चार्जर निवडताना काय पाहावे?

‘समृद्धी’वरून फक्त इंटरचेंजवरच खाली उतरता येते आणि मध्येच गाडी वळवता येत नाही. नकाशात दोन किमीवर दिसणारा चार्जर पलीकडच्या मार्गिकेवर किंवा शेजारच्या गावात असू शकतो. त्यामुळे तो आपल्याच बाजूला आहे का, किती किलोवॉटचा आहे, जोडणी सीसीएस-२ आहे का आणि आज चालू आहे का, हे आधीच पाहावे. प्रत्येक थांब्याला एक पर्याय हाताशी असावा. ॲप घरीच उतरवून त्यात पैसे भरून ठेवावेत.

घरून निघताना आणि परतताना?

घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर ४५ युनिटची बॅटरी रिकामी असल्यास पूर्ण भरायला १४-१५ तास लागतात. मध्येच वीज गेली तर त्याहून जास्त. म्हणून आदल्या दिवशी दुपारीच गाडी लावावी. वाटेत मात्र ८० टक्क्यांवर निघावे, कारण त्यापुढे चार्जिंग मंदावते. परतताना आमणे ते इगतपुरी चढ आहे. त्यासाठी सुमारे तीन युनिट जास्तीचे धरावेत.

थांबण्यात वेळ वाया जातो का?

१ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्यानंतर ‘समृद्धी’वरील सुरक्षिततेची चर्चा ऐरणीवर आली. सरळसोट, एकसुरी रस्त्यावर चालकाला ग्लानी येते. दर दोन-अडीच तासांनी चार्जिंगसाठी मिळणारी अर्ध्या-पाऊण तासाची विश्रांती चालकालाही तितकीच गरजेची आहे.