अठरांतल्या दोघी

कंपन्यांच्या संचालक मंडळावर बायका किती, हा प्रश्न निघाला की मराठवाड्यातल्या नायगावकराला तो मुंबईचा वाटतो. पण संचालक मंडळं आपल्याकडंही आहेत, आपण त्यांना कॉर्पोरेट म्हणत नाही इतकंच. सोयाबीन-हरभऱ्याचा सौदा जिच्या आवारात होतो ती बाजार समिती, पीककर्ज देणारी गावची सोसायटी, जिल्हा बँक. तालुक्याचा पैसा कुठं वळायचा हे इथं ठरतं. सोसायटीच्या साधारण 13 संचालकांत महिलांना राखीव जागा 2, बाजार समितीच्या 18 मध्येही 2. ग्रामपंचायतीत मात्र 2011 पासून निम्म्या. म्हणजे नळ, गटार, दिवाबत्ती यांवर बाईनं बरोबरीनं बोलावं. कर्ज आलं की जेमतेम सहाव्या-सातव्या हिश्शानं, तोलाई, बाजार फी आली की नवव्या.

या दोन जागा भरल्या की काम संपलं, अशी रीत पडली आहे. किमान म्हणून लिहिलेला आकडा कमाल होऊन बसला. मोठ्या कंपन्यांचंही निराळं नाही. 2013 च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीला एक तरी महिला संचालक सक्तीची केली, तर अनेकांनी प्रवर्तकाच्याच घरातली बाई बसवून कायदा पाळला. शेवटी पहिल्या हजार कंपन्यांत 2020 पासून ही संचालक स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकाच्या गोतावळ्याबाहेरची हवी, असं सेबीला बजावावं लागलं. नॉर्वेनं मात्र मोठ्या कंपन्यांना थेट 40 टक्क्यांची अट घातली आणि 2008 पर्यंत ती पाळून घेतली. बाजार समितीचा कायदा तर आणखी गमतीचा आहे. अठरापैकी चार संचालक ग्रामपंचायत सदस्य निवडतात. या मतदारांत निम्म्या बायका, पण त्या चार जागांत महिलांना राखीव एकही नाही. राखीव दोन्ही जागा सोसायटी मतदारसंघात, जिथं मत देणारे बहुतेक पुरुषच!

सोसायटीत बायका कमी का, याचं उत्तर सातबाऱ्यावर आहे. जमीन नावावर असेल तर पीककर्ज, त्यासाठी सोसायटीचं सभासदत्व, आणि सभासद असेल तरच उमेदवारी. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये महिला सुमारे 14 टक्के निघाल्या. वेचणी, खुरपणी, निंदणी कोण करतं हे मराठवाड्यात सांगायला नको. महाराष्ट्रानं 1994 मध्येच लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. व्यवहारात मात्र बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं जातं, आणि तीही माहेर तुटू नये म्हणून सही करते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली होती. त्या मोहिमेची आठवण आज भाषणांपुरती उरली आहे. संचालक मंडळाचा दरवाजा तलाठ्याच्या दप्तरात उघडतो, हे त्या मोहिमेनं अचूक ओळखलं होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अनुभव असलेल्या बायका आणायच्या कुठून? 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत घरदुरुस्तीच्या सरकारी कामात ‘संवाद सहायक’ म्हणून बायकाच उभ्या राहिल्या. अभियंत्यांचं म्हणणं गावाला आणि गावाचं अभियंत्यांना त्यांनी समजावलं. त्यानंतरची तीस वर्षं बचत गटांनी कर्ज देण्या-फेडण्यात काढली आहेत. एवढा हिशेब सांभाळणारीला बाजार समितीचा ताळेबंद अवघड जाईल, हे पटत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: निवडून बाई येते, कारभार नवरा पाहतो. हे घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण बापाच्या पुण्याईवर संचालक झालेल्या मुलाला कुणी बाहुलं म्हणत नाही, आणि त्याच्यासाठी राखलेल्या जागा रद्द करा असंही सुचवत नाही. पश्चिम बंगालच्या पंचायतींचा अभ्यास असं दाखवतो, की एका जागी लागोपाठ दोनदा महिला आरक्षण पडलं तिथं ते उठल्यावरही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि जास्त निवडून आल्या. पहिल्या खेपेला नवरा बोलत असेल. लोकांची नजर बदलायला दुसरी खेप लागते. आपण मात्र पहिल्याच खेपेवर निकाल देऊन मोकळे होतो.

ग्रामपंचायत मतदारसंघातल्या चारपैकी दोन जागा महिलांना द्याव्यात, ही दुरुस्ती विधिमंडळानं करायला हवी. तिची वाट पाहत बसण्याचं मात्र कारण नाही. सर्वसाधारण जागेवर बाईनं उभं राहायला कोणत्याच कायद्यानं मनाई केलेली नाही. मनाई असते ती पॅनल ठरवणाऱ्या बैठकीत. पुढच्या निवडणुकीला मत मागायला पॅनलप्रमुख दारात येतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा: राखीव दोन सोडून बाकीच्या सोळा जागांवर तुम्ही किती बायका उभ्या केल्यात?