शिकवणीचा पैसा धन्याला, मग विद्या कोणाची?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, ज्यांचीं मुलें कारखान्यांत राबतात त्यांनीं तरी हें म्हणणें नीट ऐकावें.

माझ्या शाळेंतून सातवी होऊन गेलेला एक सुताराचा मुलगा बारा वर्षें लेथ चालवीत होता. कारखान्यांत संगणकावर चालणारें नवें यंत्र आलें. मालकानें तें चालविण्यास बाहेरून माणूस आणला व याला माल उचलण्यास लावलें. "गुरुजी, महिनाभर कोणी शिकवलें असतें तर तें यंत्र मीच चालवलें असतें," असें तो मला म्हणाला. त्याचें खोटें नव्हतें.

मालक म्हणतात, "आम्हीं खर्च करून शिकवावें आणि गड्यानें शेजारच्या कारखान्यांत जावें, हा कोठला न्याय?" या बोलण्यांत तथ्य आहे. म्हणूनच असल्या शिक्षणास सरकारानें हातभार लावावा, हें आम्हांस मान्य आहे. सिंगापुरांत 1979 सालीं कायदा झाला. कमी पगाराचे नोकर ठेवणाऱ्या मालकांकडून पट्टी घ्यावयाची आणि जो आपल्या नोकरांस शिकवील त्यास त्याच निधींतून मदत द्यावयाची, अशी ती व्यवस्था. म्हणजे न शिकविणारा मालक नुसता भरतो, शिकविणारा परत मिळवितो.

आपल्याकडे 2016 सालीं उमेदवारीची योजना निघाली. उमेदवाराच्या विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, दरमहा 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकारानें सोसावयाचा. आधीं ही रक्कम मालकास मिळे. 2023 पासून ती थेट उमेदवाराच्या बँकखात्यांत जाऊं लागली. हा पालट चांगला झाला. पण ही सोय नवख्यांची. बारा वर्षें राबलेल्या गड्याचें काय?

त्याच वर्षीं, म्हणजे 2023 सालीं, विश्वकर्मा योजना आली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार अशा 18 धंद्यांतील कारागिरांस शिकतांना रोज 500 रुपये व हत्यारांसाठीं 15,000 रुपये द्यावयाचें ठरलें. शिकायला बसलें कीं रोजी बुडते, ही गोष्ट सरकारानेंच येथें कबूल केली. मग कारखान्यांतील गड्यास दुसरा न्याय कां?

सरकारी पैसा म्हणजे कोणाच्या वाडवडिलांची ठेव नव्हे. साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या मजुराचाही तो आहे. म्हणून मालकास मदत देतांना चार अटी घालाव्या. शिकवणी कामाच्या वेळांत व पुऱ्या पगारीं व्हावी. दाखला कामगाराच्या नांवें, त्याच्या हातीं, कोठेंही चालेल असा मिळावा. काम वाढलें कीं पगार वाढावा. आणि दोन गडी ठेवणाऱ्या लोहारासही ही मदत सोप्या अर्जावर मिळावी. नाहींतर कारकून बाळगणारे मोठे तेवढेच खातील.

बांधवांनो, आपणही गप्प बसूं नये. अनुभवानें शिकलेल्याची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय 2015 सालच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत ठेविलेली आहे. तिची चौकशी करा. आपल्या नांवावर कोणी मदत घेतली काय, हें कारखान्यांत विचारा. अर्ज लिहितां येत नसेल तर गांवच्या मास्तराकडे या. लेखणी आमची, पण विचारण्याचें धैर्य तुमचें हवें.