तिसरा ओपीजी

महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचे अध्यक्ष व सदस्य यांस,


माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दातांना तारा लावायच्या म्हणून आठ महिन्यांत तीन दवाखाने झाले आणि तिन्हीकडे तिचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला. तिसऱ्या वेळी कुणी सांगायच्या आतच तिने कानातली काढून माझ्या हातात दिली आणि हनुवटी टेकवून मशीनपुढे उभी राहिली.

पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडात डोकावण्याआधीच फोटो काढून झाला होता. "पॅकेजमध्येच आहे, वेगळे पैसे नाहीत," काउंटरवरून सांगितलं. तोच फोटो दुसरीकडे दाखवला. मला तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला. संगणकाच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला, खालच्या दाढांवर ट्यूबलाइटची तिरीप. "यावरून काय कळणार?" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचं खरंच होतं.

एक्स-रेचा मी बाऊ करत नाही. ओपीजीचा डोस म्हणजे निसर्गातून आपल्याला दोन-चार दिवसांत मिळतो साधारण तेवढा, आणि रूट कॅनाल तर फोटोशिवाय करूच नये. पण वाढत्या वयात किरणांचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो, आणि सीबीसीटी, म्हणजे थ्री-डी स्कॅन, काढला तर डोस कितीतरी पटींनी वाढू शकतो. आधी तपासणी, मग गरज असेल तरच एक्स-रे, हे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. २०२४ मध्ये त्यांनी शिशाच्या एप्रनचीही गरज नाही म्हटलं, कारण भर झोत हवा तेवढ्याच जागेवर ठेवण्यावर. एकेका दाताच्या फोटोसाठी एक्स-रेच्या नळीचं तोंड गोल न ठेवता आयताकृती केलं तरी डोस निम्म्याच्या आसपास येतो. मी पाहिलेल्या तिन्ही ठिकाणी एप्रन खुंटीवर होता, नळी गोलच.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. एक्स-रे का काढला, हे केसपेपरवर एका ओळीत लिहिणं बंधनकारक करा. आणि मूळ डिजिटल फाइल, तारखेसकट, त्याच दिवशी, न मागता रुग्णाला मिळू द्या.

मुलीचा एक सुळा हाडात अडकलाय, म्हणून आता सर्जनला दाखवायचंय. काल पेन ड्राइव्ह घेऊन तिसऱ्या दवाखान्यात गेले. "पेन ड्राइव्ह लावत नाही आम्ही," काउंटरवर म्हणाले, "व्हॉट्सअ‍ॅप करतो ना."

आपली,
एक आई, पुणे